ऊसतोड सुरू, गोठ्यात नुसतं वाडं. म्हैस व्यायच्या आधी काय घालावं?

लाल माती (बेळगाव तालुका)

नमस्कार मंडळी. उचगाव भागात आमचं शेत. भात, रताळी आणि ओढ्याकडेला थोडा ऊस. गोठ्यात एक जर्सी क्रॉस गाय, दोन म्हशी, एक पाडी. सध्या शिवारात तोडणी जोरात आहे, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या सगळ्या गोठ्यांत दोन्ही वेळेला वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. स्वतःच्या उसाचं फुकट, कमी पडलं तर टोळीवाले पेंढ्या विकतात. वाडं दारात असताना गंजीतलं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, कोण काढणार? दसऱ्यापासून आमच्या जनावरांना वैरण म्हणजे वाडंच.

गेल्या आठवड्यात गाय व्याली, चौथं वेत. वार वेळेत पडली, चीकही भरपूर. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर खाली बसलेली, उठेना. मान वळवून पोटाला लावलेली, कान गार, शेण टाकलेलं नाही. शेजारचे मामा म्हणाले, ताकात गूळ कालवून बाटलीने घशात ओता. आई म्हणाली, डॉक्टर येऊदेत, तोवर काही पाजायचं नाही. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम चढवलं आणि थोड्या वेळात गाय उठून शेण टाकून वासराला चाटायला लागली. बघायला जमलेली अर्धी गल्ली गप्प झाली.

आता दुसरी काळजी. थोरली म्हैस महिन्याभरात व्यायची आहे. आटवलेली आहे, म्हणजे दूध काढणं बंद केलंय. गावात दोन मतं. एक म्हणतात, आतापासून रोज कॅल्शियमची बाटली पाज. दुसरे म्हणतात, वाडं बंद कर, वाड्यानंच गाय बसली. नेमकं काय करायचं? आणि वाडं बंद केलं तर घालू काय? भात निघून दहा गुंठे रान रिकामं झालंय, विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं. त्यात कुठली वैरण लावू?

निपाणीचा गडी

भावा, घाबरू नको. आमच्याकडं निपाणी-चिकोडी पट्ट्यात सगळी जनावरं वाड्यावरच जगतात. माझा आजा वाड्यावर बैलजोडी पोसायचा. बाटली चालू कर, सकाळ-संध्याकाळ, काही होत नाही.

गोठेवाली (खानापूर)

बैलाचं आणि दुभत्या जनावराचं एक कसं धरता दादा? बैल दूध देत नाही. बाकी जाणकार सांगतीलच, पण बसलेल्या गाईला घशात काही ओतलं नाही हे तुमच्या आईनं फार चांगलं केलं. आमच्या वाडीत एक गाय अशीच गेली. ठसका लागून पाणी फुफ्फुसात गेलं.

जुना कंपाउंडर (हुक्केरी तालुका)

नोकरी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात झाली, आता घरी तीन मुऱ्हा म्हशी. डॉक्टर नाही, पण डॉक्टरांच्या मागे बॅग धरून सीमाभागातले बरेच गोठे फिरलोय. सुगीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बसलेल्या गाईचे निरोप जास्त यायचे, आणि बहुतेक गोठ्यांच्या दारात वाड्याचा ढीग असायचा.

लाल मातीवाल्या, तुमच्या गाईला झाला तो दूधताप. नावात ताप असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडतं. व्याल्यावर चिकात आणि दुधात कॅल्शियम एकदम ओढलं जातं, रक्तातलं घटतं, आणि कॅल्शियमशिवाय स्नायू चालत नाहीत. म्हणून पाय चालत नाहीत, पोट चालत नाही. शेवटी हृदयही चालत नाही. बहुतेक जनावरं व्याल्यापासून दोन-तीन दिवसांत बसतात. पहिलारू कालवड सहसा बसत नाही. तिसऱ्या वेतापासून पुढे, जास्त दुधाची असली की धोका. जर्सीत जास्त.

आता गावातली दोन मतं. दोन्हींत अर्धं अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच घोटाळा होतो.

जनावराच्या अंगातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत असतं. हाडं म्हणजे पेव समजा, धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. व्याल्यावर रक्तात कमी पडलं की शरीर पेव उघडून काढतं. पण पेव उघडायला दोन-तीन दिवस लागतात. गाभण काळाच्या शेवटी तुम्ही रोज बाटलीनं आयतं कॅल्शियम पाजत असाल, तर शरीर पेवाकडं बघायचंच सोडतं. मग ज्या दिवशी खरी गरज, त्या दिवशी पेव भरलेलं पण तोंड बंद. म्हणून शेवटचे तीन आठवडे जादा कॅल्शियम नको. लसूणघासाचा भाराही नको, त्यात कॅल्शियम भरपूर. निपाणीच्या दादांनी प्रेमानं सांगितलं, पण यात मी त्यांच्या विरुद्ध आहे.

वाड्याचं उलटं. वाड्यात ऑक्झलेट असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे घेऊन जातं. शिवाय वाड्यात फॉस्फरस कमी, प्रथिनं कमी. पोटातले जिवाणू हळूहळू ऑक्झलेट पचवायला शिकतात, म्हणून थोडंथोडं वाढवत नेलं तर जनावर तग धरतं आणि माणसाला वाटतं काही होत नाही. पण दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत नुसतं वाडं खाल्लं तर महिनोन्महिने पेवातून उपसा चालू राहतो. इथं तोंड उघडं आहे, पण आत दाणा नाही.

तेव्हा कोणी म्हणेल, वाडं कॅल्शियम अडवतं तर व्यायच्या आधी तेच बरं की! नाही. रिकामं पेव उघडून काय मिळणार?

मग वाडं विष आहे का? तसंही नाही. आपल्या भागात तोडणीच्या दिवसांत इतकी हिरवी वैरण दुसरी कुठली मिळते? फक्त एकूण वैरणीच्या निम्म्याच्या वर जाऊ नका. कुट्टी करून घाला, आणि कुट्टीवर खायच्या चुन्याची निवळी शिंपडा. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम चुना कालवायचा, निवू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. ऑक्झलेटला धरायला चुन्यातलं कॅल्शियम मिळतं आणि हाडातलं वाचतं. जोडीला मिनरल मिक्स्चर रोज 50 ग्रॅम आणि मूठभर मीठ. दावणीची माती चाटणं, भिंत चाटणं, चपला, हाडकं चघळणं असं जनावर करायला लागलं की समजा फॉस्फरस कमी पडलाय. मग गाय माजावर येत नाही आणि आपण बीज भरणाऱ्याला बोल लावतो.

म्हशीचं एक वेगळं सांगतो, कारण तुमचा प्रश्न म्हशीचा आहे. म्हैस दूधतापानं गाईएवढी बसत नाही. पण व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात कॉफीसारखी लाल-काळी लघवी करायला लागली, खाणं सुटलं, डोळ्यांचा आतला भाग पांढरा पडला, तर त्याच दिवशी डॉक्टर. फॉस्फरस कमी पडून रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वाडं आणि पिंजर यांवरच ठेवलेल्या म्हशींत हे हिवाळ्यात दिसतं. गोचीड तापातही लघवी लाल होते, पण त्यात अंग तापतं. फरक डॉक्टर करतील, तुम्ही थर्मामीटर लावून आकडा सांगितलात तर त्यांचं काम सोपं. आमच्या घरी देवळीत हळदीच्या डबीशेजारी जनावरांचा थर्मामीटर असतो. सून हसते. हसूदे.

तर थोरल्या म्हशीला आता असं करा. वाडं आठवड्याभरात कमी करत बंद. जोंधळ्याचा कडबा मिळाला तर पहिलं प्राधान्य त्याला. नसेल तर पिंजर, सोबत हिरवं थोडं. शेणखत-मुताच्या खड्ड्याजवळ वाढलेलं नेपियर गवत आणि उसाची मळी शेवटचे तीन आठवडे टाळा, दोन्हीत पोटॅश जास्त आणि पोटॅशनंही पेव उघडायला अडथळा येतो. पेंड किंवा गोळी पेंड रोज दीड किलोच्या आसपास द्या, शेवटच्या दोन महिन्यांत पोटातलं रेडकू सर्वांत जास्त वाढतं. मिनरल मिक्स्चर रोजच्या मापानं, दुप्पट नको. व्यायच्या आधी द्यायचे वेगळे क्षारही मिळतात, पण ते डॉक्टरांनी माप सांगितल्याशिवाय नकोत. बाटली ज्या दिवशी म्हैस व्याली त्या दिवसापासून. उभी असताना, शुद्धीत असताना, गालाच्या बाजूनं, सावकाश.

व्याल्यावर पहिले दोन दिवस सड कोरडे करून पिळू नका. रेडकाला चीक तासाभरात पाजा, वार पडायची वाट बघत बसू नका. ही चूक आपल्याकडं अजून घरोघरी होते.

आणि गाईकडं अजून लक्ष ठेवा. एकदा शिरेतून कॅल्शियम दिल्यावर काही जनावरं दुसऱ्या दिवशी परत बसतात. बसलीच तर तिला आडवी पडू देऊ नका, छातीवर टेकवून दोन्ही बाजूंना पिंजराचे भारे लावा, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, खाली लादी असेल तर पोती घाला. 1962 ला फोन केला तर फिरत्या दवाखान्याची गाडी येते. शिरेतली बाटली गावातल्या कुणाच्या हातून लावून घेऊ नका. भराभर गेली तर हृदय बंद पडून गाय सुई असतानाच मरते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निपाणीचा गडी

मामा, तुमचं पेवाचं पटलं. पण आमच्यात कडबा आहे कुठं? सगळं रान ऊस आणि तंबाखू. कडब्याची गाडी अथणी-विजापूरकडून येते, भाव ऐकून म्हैस विकावी वाटते.

गोठेवाली (खानापूर)

कडबा आमच्याकडं तर स्वप्नातच. खानापूरच्या पावसात जोंधळा कुठला यायला? पिंजर मात्र गंज्याच्या गंज्या. मी पिंजरावर युरिया प्रक्रिया करते. 100 किलो सुक्या पिंजराला 4 किलो युरिया, 50 लिटरच्या आसपास पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, तुडवत जायचं, आणि प्लास्टिकच्या कागदात हवाबंद तीन आठवडे. उघडल्यावर आधी थोडा वेळ वारा लागू द्यायचा, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. म्हशी पहिले दोन दिवस नाकं मुरडतात, मग दावण चाटून पुसून साफ करतात. सहा महिन्यांखालच्या वासराला घालायचं नाही, आणि युरियाचं पोतं गोठ्यात तर अजिबात ठेवायचं नाही. नुसता युरिया किंवा युरियाचं पाणी जनावरानं चाटलं की खेळ खलास.

सासूबाईंना वाटलं होतं मी म्हशींना खत घालते. आता त्याच शेजारणींना माप सांगतात, आणि युरिया एक किलो कमी सांगतात, काटकसर म्हणून.

लाल माती (बेळगाव तालुका)

मामा, ताई, हात जोडतो. आईला सगळं वाचून दाखवलं. गाय आता चांगली खाऊल्या, परत बसली नाही. म्हशीचं वाडं आजपासून कमी.

दोन गोष्टी अजून. रताळ्याचे वेल अजून थोडे आहेत आणि बारकी, किडकी रताळी ढिगानं पडलीत, ती म्हशीला चालतील का? आणि दहा गुंठ्यांचं तेवढं सांगा. मी नेपियर लावायचा विचार करत होतो, एकदा लावलं की तीन-चार वर्षं बघायला नको.

जुना कंपाउंडर (हुक्केरी तालुका)

वेल खुशाल घाला. पिंजर, वाडं यांच्यापेक्षा प्रथिनं कितीतरी जास्त. धुवून, माती झाडून, थोडं सुकवून. पोट सुटलं तर कमी करा.

रताळी मात्र निवडून. बारकी, चांगली असतील तर तुकडे करून दोन-तीन किलोपर्यंत. अख्खी टाकलीत तर घशात अडकतात. आणि काळे डाग पडलेली, बुरशी आलेली, कडू वास येणारी रताळी उकिरड्यातसुद्धा नाही, खड्ड्यात पुरा. बुरशीमुळं रताळ्यात जे विष तयार होतं ते थेट फुफ्फुसावर जातं. जनावर मान ताणून, तोंड उघडून श्वास ओढतं आणि बहुतेक वेळा वाचत नाही, यावर उतारा असा नाही. बेळगावच्या पश्चिम भागात रताळी इतकी पिकतात, तरी हे फार कमी लोकांना माहीत असतं. शिजवूनही ते विष पूर्ण जात नाही.

आता दहा गुंठे. नेपियरला माझा विरोध नाही, माझ्याच बांधाला धारवाडच्या चारा संशोधन केंद्रानं काढलेलं डीएचएन-6 जातीचं नेपियर आहे. पण आत्ता लावू नका. आपल्याकडं मार्गशीर्ष-पौषात थंडी असते, ठोंब नुसतं उभं राहतं. आणि ते बहुवर्षी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तुमचं भाताचं रान गेलं. पाणी साठणाऱ्या भाताच्या वाफ्यात नेपियर कुजतं. बांधावर, विहिरीच्या पाटाकडेला लावा, जून-जुलैत, दोन डोळ्यांची कांडी, तीन फूट बाय दोन फूट. दुसरं, कोवळ्या नेपियरातही ऑक्झलेट असतं. वाडं सोडून नेपियरच नेपियर घातलं तर फार काही सुधारलं नाही. दोन-तीन भार नेपियरला एक भार चवळी किंवा लसूणघास असा मेळ ठेवायचा.

तुमच्या रानाला आत्ता मका आणि चवळी. आफ्रिकन टॉल मका दहा गुंठ्यांना सात-आठ किलो बी. दोन ओळी मका, एक ओळ चवळी. सगळं एकदम पेरू नका, ही खरी गोष्ट. मका चिकात आल्यावर, म्हणजे कणसातले दाणे दुधाळ असताना, कापला तर वैरण उत्तम, त्याआधी पाणी जास्त, त्यानंतर ताट कडक. एकदम पेरलात तर सगळा एकाच आठवड्यात चिकात येईल. रानाचे तीन तुकडे करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पेरा. दहा गुंठ्यांत नीट आला तर चार टनांच्या आसपास हिरवं मिळेल. तीन मोठ्या जनावरांना रोज वीस-वीस किलो धरले तर दोन महिने निघतात. उरला तर पिशवीत हवाबंद मुरवून मुरघास. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अमेरिकन लष्करी अळी बघत राहा. 2018 पासून कर्नाटकात ती ठाण मांडून आहे. वैरणीच्या पिकावर विषारी औषध नको. पोंग्यात बारीक वाळू-माती टाका, आणि फारच वाढली तर कोवळा असतानाच कापून घ्या.

एका तुकड्यात ओट करून बघा. थंडीचं पीक आहे, मक्यापेक्षा आत्ताच्या हवेत ते खूश. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, दुसरी त्यानंतर. बी सगळीकडं मिळत नाही. शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आणि सरकारी जनावरांच्या दवाखान्यात वैरणीच्या बियाणांची मिनिकिटं, म्हणजे छोटी पाकिटं, येतात का विचारा. फॉर्म कन्नडात असतो, शाळेतल्या पोराला सोबत न्या, पटापट भरून देतं.

निपाणीचा गडी

आणि ज्वारीची वैरण? आमच्यात लोक कापलेल्या ज्वारीच्या खोडव्यावर गुरं सोडतात.

जुना कंपाउंडर (हुक्केरी तालुका)

कापल्यावर फुटलेले कोवळे धुमारे आणि पाण्याविना खुरटलेली ज्वारी, या दोन्हींत सायनाइडचं विष असतं. गुडघ्याएवढ्या धुमाऱ्यावर उपाशी जनावर सोडलं तर घरी यायच्या आत पडतं. फुलोऱ्यात आल्यावर कापा, मग भीती फार कमी. पडलंच तर उतारा डॉक्टरांच्या बॅगेत असतो, पण वेळ अर्ध्या तासाचा, म्हणून सोडूच नका.

गोठेवाली (खानापूर)

बेळगाव जवळ असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये शहापूर-वडगाव शिवारातून मसुराचा भुसा मिळतो का बघा. तिथल्या काळ्या रानात भातामागं ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा घेतात. मसुराचा भुसा पिंजरापेक्षा भारी, म्हशी आवडीनं खातात. मळणीच्या वेळी खळ्यावर जाऊन बोलून ठेवायचं, नंतर गेलं तर गवळ्यांनी उचलून नेलेला असतो.

लाल माती (बेळगाव तालुका)

वडगावात आत्याचं घर आहे, आजच फोन करतो. मक्याचं बी बाजारात मिळालं, चवळी घरचीच. पहिला तुकडा या रविवारी पेरतो. मामा, नेपियरची कांडी जूनमध्ये तुमच्याकडून न्यायला आलो तर चालेल का?

जुना कंपाउंडर (हुक्केरी तालुका)

या की. कोयता आणि दोन पोती तुमची आणा. आणि येताना म्हैस कधी व्याली, काय झालं, दूध किती देते, ते सांगा.

निपाणीचा गडी

मामा, मलाबी एक पोतं. चुना आज आणलाय, पानाचा डबा सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या कामाला.